वाऱ्याला थांब म्हणायची नोकरी

वारं सुटलं की लोकांना म्हणे गाणी सुचतात. मला राग येतो.

परवा सकाळी मुकुंदवाडीतल्या आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ह्यांचा बनियन चिमट्यासकट उडाला आणि शेजारच्या पत्र्यावर जाऊन पडला. खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स एका दोरीवर लोंबकळत थाडथाड आपटत होता. स्टेशनकडून धुळीचा लोट उठला होता. समोरच्या काकू डोळ्यांवर पदर धरून हसत म्हणाल्या, "लागलं बाई आखाडाचं वारं!" सण आल्यासारखा आनंद होता त्यांच्या आवाजात. मी बनियन आणायला गेले नाही. कठड्याला धरून उभी राहिले आणि मनातल्या मनात बऱ्याच मोठमोठ्या माणसांना शिव्या घातल्या.

आमच्याकडचं आखाडाचं वारं पावसाचं नसतं. पाऊस तिकडे कोकणात, घाटावर कोसळतो, टीव्हीवर पुरात अडकलेल्या गाड्या दिसतात. आमच्या वाट्याला येतं ते त्या पावसाचं उरलंसुरलं, कोरडं, पिसाळलेलं वारं. दिवसभर कान भरतात, ओठ फुटतात, डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं होतं. आभाळात ढग नुसते पळत असतात, एकही थांबत नाही. लहानपणी गावात आई ह्याच दिवसांत कापण्या तळायची. चुलीचा जाळ एका अंगाला झुकायचा म्हणून ती वाऱ्याच्या बाजूला सूप उभं करायची, आणि गूळ, बडीशेप नि तापलेल्या तेलाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. माझी धाकटी बहीण शैला आणि मी ज्वारीच्या ताटाची भिंगरी करायचो. बाभळीचा काटा खोचायचा आणि वाऱ्याच्या तोंडावर पळत सुटायचं. ती माझ्याहून लहान, पण पळताना मी तिला कधी गाठलं नाही. थेट बांधाला हात लावून ती परत यायची तरी तिला धाप लागलेली नसायची. मी मात्र अर्ध्या वाटेत कमरेवर हात ठेवून उभी.

आता मी पोटासाठी वाऱ्याचंच काम करते. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची कंट्रोल रूम आहे. बालाघाटाच्या माथ्यावर कंपनीच्या पवनचक्क्या उभ्या आहेत. आम्ही त्यांना पंखेच म्हणतो. उद्या दर पाव तासाला किती वीज येईल, हे आज वर, म्हणजे राज्यभरच्या विजेचा तोल सांभाळणाऱ्या केंद्राला कळवायचं, हे माझं काम. दुसरं काम त्याहून सोपं. वरून फोन येतो, "बंद करा." मग आम्ही डोंगरावर फोन करतो, "बंद करा." पाती वळतात, वाऱ्याला नुसती कड दाखवतात आणि वारं त्यांच्यामधून रिकामं निघून जातं. हे सगळ्यांत जास्त कधी होतं? ऐन आखाड-श्रावणात, वारं भरात असताना. थंडीत वारं मरून पडतं तेव्हा कुणी आमची आठवण काढत नाही.

मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, कुठेतरी बिघाड झाला असेल. हळूहळू कळलं की बिघाड नाही, असंच ठरलेलं आहे. समजायला ते अवघड नाही, फक्त समजल्यावर झोंबतं. तिकडे पाऊस पडला की घराघरातले एसी बंद, शेतातल्या मोटारी बंद. वीज कमी लागते, म्हणजे कुणालातरी थांबवायला हवं. कोळशाचा बॉयलर एका पातळीच्या खाली आणता येत नाही. विझवला तर पुन्हा पेटवायला वेळ जातो, तेल जातं, आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी तो तयार नसतो. हे खरं आहे, मी नाकारत नाही. ग्रिडचा तोल गेला तर अख्खं राज्य अंधारात जाईल, हेही मला शिकवलेलं आहे. पण ह्याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, ती मीटिंगमध्ये मोठ्यानं कुणी बोलत नाही. कोळशाच्या केंद्राचे बांधलेले पैसे वीज घ्या, नका घेऊ, द्यावेच लागतात. ते एकदा बाजूला ठेवले की उरतो नुसत्या कोळशाचा खर्च, आणि तो आमच्या जुन्या करारातल्या दरापुढे स्वस्त दिसतो. म्हणजे खाणावळीचा महिना भरलेला आहे म्हणून शेजारणीनं आणलेलं गरम ताट दारातूनच परत पाठवायचं, खाणावळीतलं शिळंपाकं गिळायचं आणि वर म्हणायचं, बचत केली. वाऱ्याची वीज आधी घ्यावी असा नियम आहे. तो आम्ही फ्रेम करून भिंतीवर लावलाय आणि येणाऱ्या पाहुण्यांना चहाबरोबर दाखवतो.

हे सगळं मी चारचौघींसारखं पगार घेऊन सहन केलं असतं. पण शैला थर्मलच्या गावात दिलेली आहे.

थर्मल म्हणजे औष्णिक वीज केंद्र. तिकडची माणसं नुसतं थर्मल म्हणतात, जसं आपण नदी म्हणतो, नदीचं नाव घेत नाही. शैलाचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या गावात केवढं कौतुक झालं होतं! पोरगी उजेडाच्या गावाला चालली, म्हणे. उजेडाच्या गावात काय असतं हे कुणी विचारलं नाही. कोळसा जळतो, त्याची राख पाण्याबरोबर पाइपातून एका तळ्यात सोडतात, तळं कडेनं वाळत जातं आणि पिठासारखी राख उघडी पडते. मग येतो आमचा आखाड. पश्चिमेकडून निघालेलं वारं बालाघाटावरून येतं, थांबवलेल्या पंख्यांमधून रिकाम्या हातानं पुढं जातं, त्या तळ्यावर उतरतं आणि मुठी भरभरून राख उचलतं. राख शैलाच्या अंगणात पडते, माठावर, मिरच्यांवर, लेकरांच्या पापण्यांवर. आणि शैलाच्या छातीत.

दोन वर्षांपूर्वीचा आखाड मी विसरत नाही. तिचा खोकला आधीपासून होता, पण त्या वर्षी तिला चार वाक्यं सलग बोलता येईनात. मी तिला औरंगपुऱ्यातल्या छातीच्या डॉक्टरकडे नेलं. अरुंद जिना होता, ती मधल्या पायरीवर बसली आणि खालच्या दुकानातल्या बांगड्यांकडे बघायचं नाटक करत राहिली. डॉक्टरांनी फोटो बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात कोण विडी ओढतं?" शैला म्हणाली, "थर्मल ओढतंय, सायेब." डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, फुप्फुसं आता जेवढी आहेत तेवढी सांभाळा, गेलेली परत येत नाहीत. घर बदला, आणि ते होत नसेल तर निदान वाऱ्याच्या दिवसांत तिथं राहू नका, दरवर्षी.

बाहेर आल्यावर शैला म्हणाली, "घर बदला म्हणं. लुगडं हाय का ते?"

एवढीच गोष्ट होती सगळी. वाऱ्याचे दोन महिने तिनं तिथं राहायचं नाही. पण चांगली नांदती बाई दोन महिने माहेरी का, ह्याला गावाला कारण लागतं, आणि आजार हे सासरी कारण धरत नाहीत. तिथं तर सगळेच खोकतात. मला सुचलं ते नागपंचमीचं. पंचमीला लेकीला माहेरी न्यायला मुराळी जातो, हा आमच्याकडचा रिवाज. मुराळी म्हणजे भाऊ. आम्हाला भाऊ नाही, आई-बाबा गेले, गावातलं घर गेलं, म्हणजे तिचं माहेर आता मुकुंदवाडीतला माझा फ्लॅट. ठरवलं, मीच मुराळी. पंचमीला अजून बराच अवकाश होता तरी एसटी धरली. तिची सासू दारातच म्हणाली, "एवढ्या लवकर मुराळी? अन बाईमाणूस?" मी म्हटलं, "आमच्यात पद्धत आहे." आमच्यात अशी काही पद्धत नव्हती.

शैलानं पंचमीसाठी आधीच ज्वारीच्या लाह्या फोडून सुपात ठेवल्या होत्या, वर ओलं फडकं टाकून. फडकं मुळात पांढरं असणार. मी ते उचललं तर त्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले. अंगणात चालताना पायाखाली मऊ लागायचं. रांगोळी काढायला तिनं आधी राख झाडली, मग सडा घातला, मग रांगोळी काढली, आणि आम्ही चहा पिऊन बाहेर आलो तोवर ठिपके गेले होते. तिचे यजमान बालाजीराव ट्रॅक्टरवर राखच वाहतात, वीटभट्ट्यांना. सज्जन माणूस. त्यांनी मला खुर्ची दिली, ती आधी गमज्यानं पुसली.

"बालाजीराव, डॉक्टर काय म्हणाले सांगितलं ना हिनं?"

"सांगितलं की. पर ताई, राख हाय म्हणून भाकर हाय. म्या काय तिला अडवितो का? न्या तुम्ही. पर तुमच्या पंख्यांचं बी बघा जरा."

"पंख्यांचं काय?"

"त्यांनीच तर ढग पळविले म्हणत्यात समदे. दोन सरी पडल्या असत्या तर राख दबली नसती का?"

ही समजूत आमच्या भागात पुष्कळ ठिकाणी आहे, पंखे फिरले की ढग पांगतात. एरवी मी हसले असते. त्या दिवशी इतकी चिडले की खुर्चीतून उठले. "अहो, फिरतात कुठं ते? फिरूच देत नाहीत त्यांना! ढग पळवायला तरी फिरू द्या म्हणावं!" बालाजीराव बिचारे माझी खुर्ची पुन्हा गमज्यानं पुसायला लागले. त्यांच्या मागं थर्मलचं धुराडं दिसत होतं आणि वाऱ्यानं त्याचा धूर आडवा होऊन गावावरून चालला होता.

आणि तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. कदीरभाई होते, आमच्या शिफ्टचे, माझ्याही आधीपासून ह्या नोकरीत मुरलेले. सुट्टी असली तरी पंखे बंद करायचे तर मला कळवायचं, असा आमचा शिरस्ता.

"मॅडम, ऊपर से फोन आया. सब बंद करो बोलरे."

"सगळे? वारं किती आहे?"

"वारं तर लई जबरदस्त आहे मॅडम. आज तर मशीनां नाच रहे थे."

"कारण काय दिलं?"

"वहीच. ग्रिड की सलामती."

मी अंगणात उभी होते. तेच वारं माझ्या तोंडावर आदळत होतं आणि दातांखाली राख करकरत होती. मी म्हटलं, "लेखी कारण मागा. म्हणावं, मेल करा, मगच बंद करतो."

"कायकू सर खपाते मॅडम. लिख के कोन देता? बोलने का बोल देते, लिखने का नाम नक्को."

"तरी मागा."

त्यांनी मागितलं. उत्तरात आमच्या साहेबांना फोन गेला, साहेबांचा मला फोन आला. "तुम्ही सुट्टीवर आहात ना, मग सुट्टी एन्जॉय करा," असं ते फार गोड आवाजात म्हणाले. पंखे बंद झाले. धुराड्याचा धूर तसाच होता. शैला दारात पिशवी भरून उभी होती आणि पदर नाकाला लावून मला विचारत होती, "कुणावर वरडती गं एवढी?"

काय सांगणार? कुणावर ओरडायचं हेच तर कळत नाही. फोनवरचा माणूस म्हणतो, मला वरून आलं. त्याच्या वरचा म्हणतो, दर पाहा, ग्राहकाला स्वस्त वीज द्यायची आहे. ग्राहक म्हणजे मी, तुम्ही, समोरच्या काकू. कुणी आम्हाला विचारलं होतं का, की बिलात थोडं कमी येईल, पण त्यासाठी एका बाईला जिना चढता येणार नाही, चालेल? मला हा "स्वस्त" शब्दच सहन होत नाही आता. बाजारात कोथिंबीर स्वस्त म्हणतात तेव्हासुद्धा माझ्या कपाळावर आठी येते. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरची फी, शैलाच्या श्वासाच्या पंपाची औषधं, बालाजीरावांचे बुडलेले रोज, हे कुठल्या विजेच्या दरात धरलंय? कोळशाची वीज स्वस्त आहे, कारण तिचा उरलेला खर्च शैला भरते.

आणि उपाय नाहीत म्हणावं तर तेही नाही. बॉयलर आणखी खालच्या आचेवर चालवता येतात, त्याला दुरुस्त्या लागतात. जास्तीची वीज बॅटऱ्यांत ठेवता येते, किंवा तिच्यावर पाणी डोंगरावर चढवून संध्याकाळी खाली सोडता येतं. उद्या वारं किती असेल हे आम्ही आता चांगलं सांगतो, ते ऐकून कोळसा आधीच आवरता येतो. मी माझा अंदाज जीव तोडून काढते. तो वर जातो, तिथं तो बघतात की नाही देव जाणे. प्रत्येक उपायावर मीटिंगमध्ये एकच उत्तर ठरलेलं आहे, महाग पडतं. एकदा मी विचारलं, "कुणाला?" सगळे समोशाच्या प्लेटकडे बघायला लागले.

शैला त्या वर्षी माझ्याकडे राहिली. पहिले काही दिवस ती घरभर हात फिरवून बघायची, खिडकीवर, टीव्हीवर, डब्यांच्या झाकणांवर, आणि बोट कोरं निघालं की स्वतःशीच मान हलवायची. मग खोकला उतरला. पंचमीला आम्ही पुरणाची दिंडं उकडली. त्या दिवशी चिरायचं, तळायचं नसतं, ते तिनं काटेकोर पाळलं. दुपारी कॉलनीतल्या बायकांनी मोकळ्या प्लॉटवरच्या कडुलिंबाला झोका बांधला. शैला उभ्यानं झोका घ्यायला चढली. मी खालून म्हणत होते, "बसून घे गं, बसून," आणि ती ऐकेना. वारं तिच्या लुगड्यात भरत होतं, झोका लिंबाच्या डहाळ्यांना लागत होता, आणि वरून तिचा आवाज आला, "ताई, बघ, धाप नाय!" तिथं जमलेल्या बायकांना त्यात काय विशेष ते कळलं नाही. मला इतका आनंद झाला की पुढच्या क्षणी त्याचा संतापच झाला. नुसतं धड श्वास घेता येणं, हे काय बक्षीस आहे का दाखवायचं?

दोन महिने कुठले राहते? पंचमी झाली आणि तिसऱ्या दिवसापासून सासूचे फोन सुरू झाले. आता पंचमी झाली ना? म्हैस व्यायली. पोळा आला. शैलानं पिशवी भरली. मी रागावले, नको नको ते बोलले, तर ती म्हणाली, "माझं घर हाय ताई तिथं. समद्या बाया तिथंच ऱ्हात्यात. त्यांना कोण मुराळी येतो?" एसटी सुटताना तिनं खिडकी लावून घेतली.

गेल्या आखाडात म्हैस आडवी आली, ती आलीच नाही. आणि ह्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिला ऑक्सिजनचं मशीन घरी ठेवायला सांगितलं. पिठाच्या डब्याएवढं मशीन आहे. त्याची नळी नाकाला लावायची, बटण दाबायचं, ते घुरघुरत राहतं. भिंतीतल्या प्लगमध्ये वायर. आता ती नळीच्या लांबीएवढं चालते, चुलीपासून दारापर्यंत. यायचं म्हटलं तर एसटीत ते मशीन कसं चालणार? मी गाडी ठरवते म्हटलं, तर म्हणाली, बघू पंचमीला.

आज दुपारी कंट्रोल रूममध्ये डबा खात होते, तेव्हा तिचा फोन आला. समोरच्या पडद्यावर वाऱ्याची रेघ वर वर चढत होती. डोंगरावर सगळे पंखे फिरत होते आणि कदीरभाई खुशीत पाय हलवत बसले होते. फोनमधून मागं मशीनची घुरघुर येत होती. शैला दोन शब्द बोलायची, थांबायची, मग दोन शब्द.

"ताई, हे म्हणत व्हते... तू वरच्यांशी भांडती... थर्मल बंद करा म्हणती."

"बंद नाही गं. वारं असतं तेव्हा कमी जाळा म्हणते."

"नगं भांडू बाई. थर्मल बंद झालं... तर माझं मशीन कशावर चालंल?"

मी घास डब्यात परत ठेवला. ज्यानं तिचा श्वास घेतला त्याच्याच तारेला तिचा श्वास बांधून ठेवलाय, आणि आता तीच त्याची बाजू घेतेय, भीतीनं. मला ते टेबल उलटंपालटं करावंसं वाटलं. पण आवाज खाली आणून मी म्हटलं, "अगं, मशीनला काय कळतं वीज कुठली ते? वाऱ्याच्या विजेवर पण चालतं."

तिनं विचार केला. घुरघुर ऐकू येत राहिली.

"पर वाऱ्याची तर... तुम्हीच बंद करता ना?"

सहज विचारलं तिनं. टोमणा नव्हता, राग तर नव्हताच, सगळा राग माझ्याकडेच आहे. मी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात टेबलावरचा लाल दिव्याचा फोन वाजला. वरचा. कदीरभाईंनी हात पुढं केला, मी माझा हात आडवा धरला. त्यांनी हात मागं घेतला आणि खुर्चीला टेकून बसले.

फोन वाजत होता. तो वाजत होता तोवर पंखे फिरत होते.

"बोल शैला," मी म्हटलं. "सावकाश बोल."